निशाण्यावर कोणाचा चेहरा?

१९८७ साली अटारी एसटी नावाच्या घरगुती संगणकावर ‘मिडी मेझ’ हा गेम आला. या संगणकाला वाद्यं जोडण्यासाठी दोन खाचा होत्या. त्यांना मिडी म्हणतात. सिंथेसायझर वाजवणाऱ्यांसाठी केलेली ती सोय. झँथ सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीतल्या मंडळींनी तिचा भलताच उपयोग केला. एका संगणकाच्या ‘आउट’मधून निघालेली तार दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये, दुसऱ्याची तिसऱ्याला, असं करत शेवटची तार पुन्हा पहिल्या संगणकाला. सोळा संगणकांचं रिंगण. सगळे खेळाडू एका भुलभुलैयात सोडलेले, प्रत्येकाला समोरचं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतंय आणि एकमेकांवर नेम धरायचाय. आज ज्याला ‘मल्टिप्लेअर शूटर’ म्हणतात, त्याच्या मूळपुरुषांपैकी हा एक.

यात गोळी मारायची कोणाला? तर एका गोल, हसऱ्या चेहऱ्याला. मोबाइलवर आपण रोज पाठवतो ती स्मायली. ना गणवेश, ना झेंडा, ना दाढी, ना पगडी.

१९९१ साली हाच गेम ‘फेसबॉल २०००’ नावाने निन्टेन्डोच्या गेम बॉयवर, म्हणजे हातात मावणाऱ्या कन्सोलवर आला. तो आणणारी बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअर ही कंपनी हेंक रॉजर्स यांची. गेम बॉयवर टेट्रिस आणणारे तेच. चौघांना एकत्र खेळता येईल असा अडॅप्टर तेव्हा मिळत होता. गेमच्या आत तर सोळा जणांची तजवीज केलेली होती, पण त्यासाठी लागणाऱ्या खास केबली दुकानांत मिळाल्याच नाहीत. तुम्हाला गोळी लागली की हा गेम तुम्हाला शुभेच्छा द्यायचा, ‘तुमचा दिवस चांगला जावो’. मेलेल्या माणसाशी इतकं अदबीने बोलणारा दुसरा शूटर माझ्या पाहण्यात नाही.

इतिहासावर लिहिणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा? एक कारण सरळ आहे. निशाण्यावर कोणाचा चेहरा लावायचा, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. दुसरं कारण आमच्या डहाणूच्या घरात आहे. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. तो आणि तलासरीचा त्याचा एक वर्गमित्र गेलं वर्षभर स्वतःचा हातातला कन्सोल आणि त्यावर चौघांनी खेळायचा शूटर बनवताहेत. बाजारात एवढे गेम असताना हा उद्योग कशाला, असं मी त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर, “मामू, नेटवर खेळलं की नाव दिसतं.” ऑनलाइन गेममध्ये त्याने आधी स्वतःचं खरं नाव ठेवलं होतं. हरणाऱ्या संघातल्या अनोळखी पोरांनी हेडफोनमधून त्याला कोणत्या देशात जायला सांगितलं असेल, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. मग त्याने नाव बदलून इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचं काहीतरी ठेवलं. पुढे खेळणंच सोडलं.

असे घरी बनवलेले गेम आणि उपकरणं यांना जगभर ‘होमब्र्यू’ म्हणतात. मी सरळ घरगुती म्हणतो, पापड-लोणच्यासारखं. हा प्रकार पायरसीहून वेगळा आहे, एवढं आधीच सांगून टाकतो. पायरसीत दुसऱ्याचा गेम फुकट खेळायचा असतो. घरगुतीत स्वतः लिहिलेला गेम अशा यंत्रावर चालवायचा असतो, ज्याच्या कंपनीने तुम्हाला त्याची परवानगी दिलेली नसते. व्यवहारात दोन्हींची वाट एकाच कुलपातून जाते, म्हणून कंपन्या दोघांनाही एकाच काठीने मारत आल्या.

मोठ्यांचे गेम छोट्या यंत्रावर आणणं म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. मूळ गेम बॉयचा वेग सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झ, कामाची मेमरी ८ किलोबाइट, स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची, त्यात चारच छटा. त्याच्या प्रोसेसरला गुणाकार येत नव्हता. बेरीज-वजाबाकी येत होती, गुणाकाराची आज्ञाच नव्हती. भुलभुलैयात उभ्या माणसाला भिंत किती दूर आणि म्हणून किती उंच दिसेल, हे काढायला गुणाकार-भागाकार आणि त्रिकोणमिती लागते. मग प्रोग्रॅमर काय करतात? उत्तरं आधीच काढून तक्ता लिहून ठेवतात आणि यंत्र फक्त तक्ता वाचतं. आपण शाळेत पाढे पाठ करायचो, त्यातलीच ही गत. जोडणीच्या तारेचा वेग सेकंदाला सुमारे १ किलोबाइट. म्हणजे एवढ्या मजकुराला, मराठीत लिहिलेल्या चार-पाच ओळींना, एक सेकंद. त्यातून दुसऱ्या खेळाडूची जागा, दिशा आणि गोळी पाठवायची.

हे सगळं करणारे आधी फक्त कंपन्यांत होते. घरी बसलेल्यांना दार उघडलं ते ‘डूम’च्या लोकांनी. डूम डिसेंबर १९९३ मध्ये आला आणि चौघांनी एकमेकांना मारण्याच्या खेळाला त्याने ‘डेथमॅच’ हा शब्द दिला. तो लिहिणाऱ्या जॉन कारमॅक यांनी डिसेंबर १९९७ मध्ये डूमचा आणि डिसेंबर १९९९ मध्ये ‘क्वेक’चा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. पण त्यानंतर ज्याच्याकडे कोणतंही छोटं यंत्र आलं, त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्यावर डूम चालतो का ते पाहणं. डूमची जाळ्यावरची युक्तीही शिकण्यासारखी होती. तो प्रत्येक खेळाडूची जागा पाठवतच नसे. कोणी कोणतं बटण दाबलं तेवढंच पाठवायचा, सेकंदाला पस्तीस वेळा. प्रत्येक संगणक तोच हिशोब स्वतः करायचा आणि सगळीकडे तेच उत्तर यायचं.

२००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स आला. त्याची एक खुबी मला फार आवडते. एकाच्या यंत्रातून तारेवाटे दुसऱ्याच्या रिकाम्या यंत्रात २५६ किलोबाइटपर्यंतचा प्रोग्रॅम पाठवता यायचा. म्हणजे एकाने गेम आणायचा आणि चौघांनी खेळायचं. घरगुती प्रोग्रॅमरांनी याचा फायदा घेतला, कारण कार्ट्रिज महाग आणि तार स्वस्त. आपल्याकडे मात्र ही यंत्रं दुकानांतून कमी आणि आखातातून सुटीवर आलेल्या नातेवाइकांच्या बॅगांतून जास्त आली. माझ्या पिढीच्या बहुतेकांच्या हाती लागला तो विटांचा खेळ, डब्यावर ‘९९९९ गेम’ लिहिलेला आणि आत मोजून दहा-बारा.

मग सोनीचा पीएसपी. डिसेंबर २००४ मध्ये तो जपानात विक्रीला आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत प्रोग्रॅमवर कंपनीची सही आहे की नाही हे तपासलंच जात नव्हतं. २००५ च्या मध्यापर्यंत जगभरातले हौशी त्यावर स्वतःचे प्रोग्रॅम चालवू लागले. सोनीने दार लावलं, पोरांनी खिडकी शोधली. सोनीने खिडकी लावली, तर एका चित्राच्या फाइलमधल्या चुकीतून ते आत शिरले. २००७ मध्ये तर साध्या बॅटरीत फेरफार करून यंत्राला ‘मी दुरुस्तीच्या दुकानात आहे’ असं पटवण्याची युक्ती निघाली. तिचं नाव ‘पँडोरा’.

पीएसपी शूटरसाठी जणू बनवलेलाच होता. ४८० बाय २७२ ची रंगीत स्क्रीन, ३३३ मेगाहर्ट्झपर्यंतचा वेग आणि मुख्य म्हणजे राउटरशिवाय थेट शेजारच्या यंत्राशी बोलणारं वायफाय. त्याला ‘ॲड हॉक’ म्हणतात. क्वेकचा खुला कोड लगेच त्यावर उतरवला गेला. त्या इंजिनातून ‘कुरोक’सारखा स्वतंत्र शूटर निघाला, ‘नाझी झॉम्बीज पोर्टेबल’ निघाला. या दुसऱ्याची निवड चलाख आहे. शत्रू नाझी आणि वर मेलेला. त्याची बाजू घ्यायला कोण येणार? त्याच सुमाराच्या निन्टेन्डो डीएसवर मात्र घरगुतीवाले अडले. त्याची यंत्रं आपापसांत ज्या भाषेत बोलायची ती कंपनीची खासगी होती. घरगुती लायब्ररी आली, पण ती सुरुवातीला राउटरमार्फतच जोडायची. ज्याच्या घरात राउटर नाही त्याच्या कामाची ती नव्हती.

इथपर्यंत तंत्राचा इतिहास झाला. आता चेहऱ्याकडे येऊ.

एकट्याने खेळायच्या शूटरमध्ये शत्रू कोणालाही करता येतं, कारण शत्रूच्या खुर्चीत माणूस बसलेला नसतो. नव्वदच्या दशकानंतर, आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर तर बिनदिक्कत, त्या खुर्चीत अरब बसवला गेला. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले अभ्यासक वित शिस्लर यांनी २००८ मध्ये यावर सविस्तर निबंध लिहिला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या २००९ च्या भागात कराचीचा नकाशा आहे. त्यात दुकानांच्या पाट्या अरबीत आहेत. कराचीत उर्दू लिहितात एवढं तपासायचीही कोणाला गरज वाटली नाही. आपल्याला यात अपमान दिसतो, पण मला त्याहून जास्त आळस दिसतो. ज्याला मारायचंय त्याची भाषा कशाला शिकायची?

मल्टिप्लेअरमध्ये ही सोय नसते. तिथे शत्रूही खेळाडूच. चार विरुद्ध चार खेळायचं तर चौघांना दुसरी बाजू घ्यावीच लागते. मग अडचण येते, दहशतवादी कोण होणार? या अडचणीवर अमेरिकी लष्कराने शोधलेला उपाय शूटरच्या इतिहासातला सर्वांत बोलका आहे, असं माझं मत आहे. ४ जुलै २००२ ला त्यांनी भरतीच्या प्रचारासाठी ‘अमेरिकाज आर्मी’ हा फुकट गेम काढला. त्यात दोन संघ असायचे. प्रत्येक खेळाडूला स्वतःच्या स्क्रीनवर स्वतःचा संघ अमेरिकी सैनिकांचा दिसायचा आणि समोरचा शत्रूचा. समोरच्यालाही नेमकं उलट दिसायचं. म्हणजे सगळेच अमेरिकी सैनिक आणि सगळेच शत्रू, फक्त कोणाच्या काचेतून पाहताय यावर अवलंबून. एकालाही वाईट बाजूने खेळावं लागलं नाही. तांत्रिकदृष्ट्या हे सोपं आहे. चेहरा जाळ्यावरून येत नाही, तो प्रत्येक यंत्र स्वतःच रंगवतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली टीव्हीवरची चर्चासत्रं आठवली.

घरगुती असलं म्हणजे निष्पाप असतं, असंही नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये मिन ले आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी दुसऱ्याच्या गेमवर फेरफार करून घरीच बनवला होता. त्यात एक संघ दहशतवाद्यांचा. त्यांच्या वेशांतला एक मध्यपूर्वेतला. सर्वांत गाजलेला नकाशा वाळवंटी गावाचा. पण इथे किमान एक प्रामाणिकपणा होता. फेऱ्या झाल्या की बाजू बदलतात आणि लाखो पोरं कोणताही अपराधभाव न बाळगता दहशतवाद्याच्या बाजूने खेळली.

याहून बोधक प्रकार पुढचा. २००३ मध्ये अमेरिकेत ‘क्वेस्ट फॉर सद्दाम’ नावाचा शूटर निघाला. २००६ मध्ये एका जिहादी प्रचारगटाने तोच गेम घेतला, चेहरे बदलले आणि बुशला निशाण्यावर लावून तो वाटला. भिंती त्याच, बंदुका त्याच. दोन्हीकडच्या कारागिरांना एकमेकांच्या गेममध्ये चेहऱ्यापलीकडे बदलण्यासारखं काही सापडलं नाही. हा त्यांच्यातला सर्वांत मोठा करार म्हणावा लागेल. त्याआधी २००१ मध्ये दमास्कसच्या दार अल-फिक्र या प्रकाशनगृहाने ‘तहत अर-रमाद’, म्हणजे ‘राखेखाली’, हा पहिल्या इंतिफाद्यावरचा गेम काढला होता. नायक अहमद नावाचा पॅलेस्टिनी तरुण. सामान्य नागरिकावर गोळी झाडली की खेळ संपायचा. तो मला वरच्या दोन्हींपेक्षा वरचा वाटतो. तरी तोही एकट्याने खेळायचा. अहमदच्या समोरची खुर्ची रिकामीच.

आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि २६ जानेवारी २०२१ ला गलवानवरचा ‘फौजी’ आला. तोही सुरुवातीला एकट्यानेच खेळायचा होता. महाराष्ट्रात पाहिलं तर पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘मास्कगन’ हा मोबाइलवरचा मल्टिप्लेअर शूटर. त्यात सगळे मुखवटे घालून येतात. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे हातातल्या कन्सोलवर, सर्वांत आधी आला. तो शूटर नाही, पण आपल्या मातीतलं काही छोट्या स्क्रीनवर नीट नेता येतं हे त्याने दाखवलं.

आता डहाणू. भाच्याचं यंत्र ईएसपी-३२ नावाच्या चिपवर चालतं. दोन गाभे, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट मेमरी. मूळ गेम बॉयपुढे हा पहिलवान आहे आणि किंमत मात्र वडापावच्या हिशोबात मोजता येईल अशी. २०१३ पासून डहाणूहून चर्चगेटपर्यंत लोकल धावते. ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोड. तिथून पोरांनी चार चिपा, चार छोट्या स्क्रीन, बटणं, लिथियमच्या बॅटऱ्या आणि चार्जिंगचे तुकडे आणले. डबे प्लायवुडचे, तलासरीच्या पोराच्या काकांनी कापून दिलेले. स्क्रीन १६० बाय १२८ ठिपक्यांची. रंगीत ठिपक्याला दोन बाइट धरले तर एका चित्राला ४०,९६० बाइट लागतात. हे परवडतं. मग प्रत्येक उभ्या रेषेसाठी एक किरण सोडायचा, तो कोणत्या भिंतीला किती अंतरावर लागला ते पाहायचं आणि तेवढ्या उंचीची पट्टी ओढायची. १६० किरण, १६० पट्ट्या, भुलभुलैया तयार.

जोडणीसाठी या चिपमध्ये ‘ईएसपी-नाऊ’ नावाची सोय आहे. राउटर नको, इंटरनेट नको, सिमकार्ड नको. एका वेळी २५० बाइटपर्यंतचं पाकीट हवेत फेकायचं, आसपासच्या सगळ्यांना ते मिळतं. यांचं पाकीट बारा बाइटांचं. खेळाडू क्रमांक, जागा, दिशा, मारलं की नाही, गुण. सगळ्यांना उद्देशून फेकलेल्या पाकिटाची पोच येत नाही. ते हरवलं तर हरवलं, थोड्याच वेळात पुढचं येतंच. तलासरीच्या आतल्या पाड्यांवर, जिथे मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, तिथेही हा गेम चालतो. पोरांना याचा फार अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

त्यांचं पहिलं भांडण झालं ते गोळी लागली की नाही हे ठरवायचं कोणी, यावर. माझ्या स्क्रीनवर तू समोर होतास, मी मारलं. तुझ्या स्क्रीनवर तू आधीच भिंतीआड गेला होतास. दोघंही खरं बोलताहेत, कारण पाकिटाला पोहोचायला वेळ लागतो. मोठ्या गेममध्ये हा निकाल मधला सर्व्हर देतो. व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइकसाठी पत्करलेली पद्धत अशी की, सर्व्हर घड्याळ थोडं मागे फिरवतो आणि गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी जे दिसत होतं ते खरं मानतो. निकाल मारणाऱ्याच्या बाजूने. म्हणून कधी कधी भिंतीआड सुखरूप पोहोचूनही माणूस मरतो आणि कपाळावर हात मारतो. इथे सर्व्हर नव्हता. भाच्याचं म्हणणं, मारणाऱ्याचं यंत्र निकाल देईल. मित्र म्हणाला, नाही, ज्याला लागली त्याच्या यंत्राने कबूल करायचं, ‘हो, मला लागली’. यात लबाडीला जागा आहे, हे भाच्याने दाखवून दिलं. कोणी आपल्या यंत्रातला कोड बदलला तर तो मरणारच नाही. मित्राचं उत्तर, “शेजारीच बसलेला असतो की. न मरणारा कळल्याशिवाय राहील का?” शेवटी त्याचंच म्हणणं राहिलं. विटीदांडू, लगोरी, आबादुबी, सगळे खेळ याच कबुलीवर चालत आलेत. लागलं का रे? लागलं. ज्या गेममध्ये समोरचा हजार मैलांवर आहे आणि नाव पाहून शिव्या देतो, तिथे ही पद्धत एक दिवस टिकणार नाही. हातातल्या यंत्राच्या शूटरला वायफायची मर्यादा आहे, हाच त्याचा फायदा ठरला.

दुसरं भांडण चेहऱ्याचं. भाच्याची पहिली कल्पना होती वारली उठावाची. गोष्ट इथलीच आणि मोठी. २३ मे १९४५ ला झरीच्या सभेत हजारो आदिवासी जमले. वेठबिगार करणार नाही असं तिथे ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्याच्या पुढे होते. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय त्यांना लग्नगडी म्हणजे काय हे माहीत आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर सरकारने गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. आजही दरवर्षी या तारखेला इथे त्यांची आठवण काढली जाते.

भाच्याला वाटलं, आपल्या भागाचा गेम म्हणजे हाच. एकीकडे आदिवासी, दुसरीकडे जमीनदाराची माणसं आणि पोलीस. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दोघं जण पोलीस होणार ना? तलवाड्याला गोळ्या कोण मारणार, तू का मी?” अमेरिकी लष्कराची युक्ती करता आली असती. चौघांच्या स्क्रीनवर चौघंही आदिवासी, समोरचे पोलीस. भाच्याने ते सुचवलंही, कारण चेहरा बदलणं चार ओळींचं काम आहे. मित्राला ते पटलं नाही. त्याच्या घरच्यांवर झाडलेली गोळी कोणीतरी झाडली होती. ती कोणीच झाडली नाही असं दाखवणारा गेम त्याला नको होता.

मग वारली चित्रांतली माणसं घ्यावीत असं निघालं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावलेले, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. छोट्या स्क्रीनसाठी याहून चांगली आकृती नाही. सोळा ठिपक्यांतही ती पळतेय की नाचतेय ते कळतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. पण मित्राने तीही काढून टाकली. या आकृत्या लग्नात सवाष्णी भिंतीवर काढतात. त्या गोळ्या खायला नाहीत. “भिंतीवरच राहू देत,” तो म्हणाला. आणि तसंच झालं. गेममधल्या भिंती आता गेरूच्या रंगाच्या आहेत, त्यावर पांढऱ्या रेघांत तारपा नाच आहे, ताड आहेत. किरण भिंतीला लागला की त्या चित्राची एक उभी चीर स्क्रीनवर येते. जवळ गेलं की नाचणारे मोठे होतात.

खेळाडू चिकू झाले. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे पोरांना माहीत नव्हतं. त्यांनी तो निवडला तो आळसापोटी. माणूस दाखवायचा तर समोरून, पाठीमागून, तिरका, अशी आठ बाजूंची चित्रं लागतात. डूममध्ये प्रत्येक राक्षसाची तशीच आहेत. गोळा कोणत्याही बाजूने गोळाच. फक्त डोळे दिसतात की नाही, यावरून तो कुठे बघतोय ते कळतं. फेसबॉलचं नाव दोघांनीही ऐकलेलं नव्हतं. मी दाखवलं तेव्हा त्यांना आपली कल्पना कोणीतरी आधीच चोरल्यासारखं वाटलं. एकमेकांवर फेकायचं काय, तर पिकलेले चिकू. लागला की समोरची स्क्रीन तपकिरी होते, तीन सेकंद काही दिसत नाही आणि तो पुन्हा कोपऱ्यात उभा राहतो. बंदूक नाही, तरी तो शूटरच आहे. नेम, आडोसा, घात, सगळं जिथल्या तिथे.

आमच्या आपाला मुलाचा हा उद्योग अजून पटलेला नाही. परीक्षा तोंडावर आहे आणि घरात सोल्डरिंगचा धूर. पण परवा तिने चौथा डबा हातात घेतला होता आणि दहा मिनिटांत भाच्याला सहा वेळा तपकिरी केलं. सध्या अडचण बॅटरीची आहे. वायफाय सतत चालू ठेवलं की ती लवकर उतरते, म्हणून पाकिटं सेकंदाला तीसऐवजी वीस पाठवून पाहताहेत. त्याने चिकू थोडे अडखळत सरकतात. पाचवं यंत्र जोडलं की कधी कधी दोघांना एकच क्रमांक मिळतो आणि एक चिकू दोघांचं ऐकायला लागतो. ते कशाने होतं, हे शोधायला दोघं या रविवारी तलासरीला बसणार आहेत.